पाचवा रकाना

परिषदेच्या छापील अर्जात सहा रकाने होते. विमानाचं नाव, प्रकार, वजन, रचनाकार, बांधणी करणारा, आणि शेवटी अध्यक्षांची सही. सहीचा सोडून बाकीचे मी सुबक अक्षरात भरत गेलो. पाचव्यापाशी आठल्ये साहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

"हा राहू दे."

"इद्रीसभाईंचं नाव घालायचं ना, साहेब?"

"सुताराचं नाव अर्जात कोण घालतं रे? उद्या म्हणशील, खिळे ठोकणाऱ्याचंही घाला."

गप्प बसायचा मला पगार होता. मी पालीचा, म्हणजे दर्यापासून आतल्या गावचा, चौथी शिकलेला, साहेबांचे नकाशे उतरवून काढायच्या कामावर. बाकी जे चार शब्द येतात ते साहेबांच्या कपाटातली पुस्तकं चोरून वाचून आलेले.

साल चौतीस. पश्चिम किनारा विमानविद्या परिषद म्हणून मुंबई-पुण्याच्या इंजिनीयर मंडळींची एक संस्था होती. दरवर्षी कुठंतरी जमायचं, एकमेकांची भाषणं ऐकायची, एकमेकांना हार घालायचे, आणि एकाला सुवर्णपदक द्यायचं. त्या वर्षी साहेबांनी त्यांना रत्नागिरीला बोलावलं होतं. साहेबांनी बिनइंजिनाचं विमान काढलं होतं. ते सड्यावरून, दर्याकाठच्या कातळाच्या पठारावरून, उडवून दाखवलं की पदक त्यांचंच, हे ठरल्यातच जमा होतं.

काढलं होतं म्हणजे कागदावर. लाकडाला हात लावला तो इद्रीसभाईने. खाडीकाठच्या राजिवड्याचा हा माणूस, तीन पिढ्या शिडाचे मचवे बांधणारा. पण लाँची आणि लॉऱ्या आल्या, तशी मचव्यांची मागणी आटली. दोन वर्षांत त्याच्या हातून एक नवी होडी पाण्यात गेली नव्हती. मुंबईत विमानं दुरुस्त करायचा कारखाना होता. तिथं जाऊन तो परत आला होता. तिथल्या माणसाने विचारलं होतं, विमान बांधल्याचा कागद आहे काय?

"कागद, आत्मारामा," तो मला म्हणायचा. "हात बघत नायत, कागद बघतात. साहेबाच्या कागदावर माजं नाव आलं की मी सुटलो. तुज्या रझियाभाबीला घेऊन मुंबईला. मग तू ये बोंबील खायला."

"बोंबील खायला मुंबईला कशाला येऊ?"

"मग पालीला बस फणस खात."

असा माणूस. त्याचा आणि साहेबांचा खटका उडाला तो सरसावरून. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याची खळ. पंखाचा दांडा तुकड्यातुकड्यांचा, आणि त्याचे सांधे नुसत्या सरसाने चिकटवायचे, हा साहेबांचा शोध. त्यावर त्यांनी निबंध लिहिला होता, 'केवळ सरसाने सांधलेला पंख', आणि तो परिषदेच्या पुस्तिकेत छापूनही आला होता. इद्रीसभाईने सरसाने चिकटवलेल्या दोन फळ्या आठ दिवस परसात टांगून ठेवल्या. नवव्या दिवशी साहेबांसमोर धरल्या आणि नुसत्या हाताने उकलल्या. केळीचं सोपट सोलावं तशा.

"पुण्याचा सरस पुण्यात बरा, साहेब. इथं दर्याची हवा हाय. रोज सकाळी दव पडतं."

"पुस्तक जर्मनीचं आहे, इद्रीस."

"मग उडवा जर्मनीत."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. पण इद्रीसभाईने आपलं केलंच. चारही सांध्यांवर तेल आणि चंद्रुसाची राळ पाजलेल्या दोऱ्याचे घट्ट वेढे घातले, मचव्याला घालतात तसे, आणि शेवटची गाठ अशी मारली की टोक आत गडप. महिनाभर सड्यावर त्याने स्वतः बसून कमरेएवढ्या उंचीच्या उड्या मारून बघितल्या. साहेब लांबून वहीत लिहून घ्यायचे.

परिषदेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, इद्रीसभाई नमाजाला गेला आणि तिथूनच विमान सोडायचा रबरी दोर ओढायला माणसं गोळा करायला मिरकरवाड्याच्या बंदरावर. दुपारी साहेब शेडमध्ये आले. पंखावर कापड चढलं होतं, आणि त्याखाली चार ठिकाणी फुगवटे दिसत होते.

"हे काय गाठोडं?"

"वेढे आहेत, साहेब. सांध्यांवरचे."

"नकाशात आहेत?"

"नाहीत."

"मग विमानात कशाला? उद्या अध्यक्ष हात फिरवून बघतील. मी छापून काय सांगितलंय, केवळ सरसाने. आणि हे काय, मचव्याला घालतात तसले चिंध्यांचे वेढे? लोक हसतील माझ्या तोंडावर. कापून काढ."

"इद्रीसभाईला विचारून…"

"तू नोकरी कोणाकडे करतोस?"

मी विचारलं, "उद्या बसणार कोण, साहेब?"

"मी. रचनाकाराने उडवून दाखवायचं असतं."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तुमचा सरस, तुमची मान. पेन्सिल तासायच्या चाकूने मी कापड उसवलं, चारही वेढे कापले, खिशात घातले, कापड परत शिवून वरून रोगण दिलं. काम इतकं सुबक झालं की साहेबांनी पाठ थोपटली.

शनिवारी सड्यावर मांडव. खुर्च्या, गुलाबपाणी, पेढे. मुंबईचे अध्यक्ष, पुण्याचे प्राध्यापक, गावातले वकील. इद्रीसभाई सकाळपासून खलाशांना दोर ओढायला शिकवत होता, पंखाकडे बघायला त्याला सवड नव्हती. दुपारनंतर दर्यावरून वारा सुटला. मांडवाचं कापड फडफडायला लागलं तसे साहेब घडीघडी चष्मा पुसू लागले. चामड्याची टोपी डोक्यावर चढवलेली, पण पाय विमानाकडे वळेनात. रबरी दोराला दोन्हीकडे आठ आठ खलाशी उभे. ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते.

तेवढ्यात इद्रीसभाई पुढे आला. धुतलेला पांढरा सदरा, नवी टोपी, कानात अत्तराचा बोळा.

"साहेब, पयला मी बसतंय."

"म्हणजे?"

"आमच्यात रीत हाय. नवी होडी पाण्यात घालताना बांधणारा पयला बसतो. त्यो बसला नाय तर दुसरा कोण पाय ठेवत नाय. उड्या मारल्या त्या सरावाच्या. पाण्यात घालणं आज हाय."

मी पालीचा. आमच्याकडे नांगर करणारा सुतार नांगर देतो आणि घरी जातो. ही रीत मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर तो चाकू मी उचलला नसता. की उचलला असता? नोकरीची भीती रीतीपेक्षा जुनी असते.

अध्यक्षांनी विचारलं, "कोण हा?"

"आमचा सुतार. भारी धाडसी!" साहेबांनी टोपी काढली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर चढवली. इतक्या लगबगीने मी त्यांना कधी काही करताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, एकच," इद्रीसभाई सगळ्यांदेखत म्हणाला. "बसतंय तर कागदावर नाव पायजे. बांधणारा इद्रीस."

"लिहू की! आधी खाली तर उतर."

मांडवात हशा झाला, टाळ्या पडल्या. मी धावत विमानापाशी गेलो. तो आत बसून पट्टा आवळत होता.

"इद्रीसभाई, नको."

"का रे?"

मागे बघितलं. साहेब माझ्याकडेच बघत होते. तोंडात तीन शब्द तयार होते. 'मी वेढे कापले.' पोर बोलेल इतके सोपे. मी बोललो ते दुसरंच.

"वारा जास्त आहे."

"वारा नसेल तर बसू कशाला?" तो हसला. "तू पालीचा. तुला वारा दिसला की कौलं आठवतात. हो बाजूला."

मी बाजूला झालो.

खलाशांनी आरोळी देऊन दोर ओढला. विमान सुटलं, आणि खरंच सुंदर सुटलं. सड्याच्या कडेवरून वर गेलं, दोन माडांच्या उंचीएवढं. लोक उभे राहिले. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि डावा पंख सांध्यापाशी वर दुमडला. आवाज फारसा झाला नाही. आवाज झाला तो खाली जांभ्यावर.

मी पोचलो तेव्हा तो जिवंत नव्हता. एवढंच सांगतो. सांध्याची दोन्ही तोंडं मी हाताने चाचपली. सरस ओला होता, बोटाला लागत होता.

आता पुढचं ऐका. संध्याकाळी सभा झाली. पाहुणे लांबून आलेले, हार आणलेले, पदकावर नाव कोरलेलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग बसले. मग अध्यक्षांनी 'आजच्या दुर्दैवी घटनेने विज्ञानाची वाटचाल थांबत नाही' असं म्हणून आठल्ये साहेबांच्या गळ्यात पदक घातलं. साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. पाहुण्यांनी टाळ्या हळू वाजवल्या, एवढी लाज त्यांना होती.

रविवारी सकाळी दफन झालं. बाया-माणसं पांगल्यावर मी रझियाभाबीच्या दारात उभा राहिलो. ती तांडेलाची, होडीवरच्या म्होरक्याची, लेक. इद्रीसभाईचे दोरे तीच वळून द्यायची. मी खिशातले चारही वेढे तिच्यापुढे ठेवले. तिने एक उचलून गाठीवरून बोट फिरवलं.

"गाठ त्याची हाय. सुटलेली नाय." मग टोक बघितलं. "कापलंय."

"मी कापलं, भाबी."

तिने तो वेढा मुठीत धरला.

"कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"त्याला ठाव होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही. सांगणार होतो…"

"दोरा साहेबाच्या सांगण्यानं कापलास. आणि जीभ? ती पण साहेबानं कापली?"

तिने तीन वेढे माझ्याकडे सरकवले. चौथा मुठीत ठेवला.

"मला काय दाखवतोस? मी ह्यांनी चूल पेटवू? ज्यांना दाखवायचं त्यांना दाखव जा."

सोमवारी अध्यक्ष बोटीने परतणार होते. सकाळी साहेबांनी मला बोलावलं. तोच अर्ज टेबलावर. परिषदेच्या अहवालात जायचा, सहीपुरता अडलेला.

"पाचवा रकाना भर," ते म्हणाले. "लिही. बांधणी करणारा, इद्रीस हसन, राजिवडा. पुढे लिही, सांधे सदोष."

म्हणजे नाव आलं. जिवंतपणी ज्या नावाला रकान्यात जागा नव्हती, त्याला दोष टांगायला जागा झाली. मी टाक बुडवला. नाव लिहिलं, जितकं सुंदर लिहिता येईल तितकं. साहेब खिडकीपाशी चहा पीत होते. पुढे मी लिहिलं: सांधे निर्दोष. सांध्यांवरचे वेढे आदल्या दिवशी श्री. आठल्ये यांच्या हुकमाने आत्माराम, नकाशे उतरवणारा, याने कापले. बांधणाऱ्यास कळवले नाही. वेढे सोबत जोडले आहेत. शाई टिपली, घडी घातली.

"झालं?"

"झालं, साहेब. मीच नेऊन देतो. बोट सुटेल."

धक्क्यावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाय ठेवायच्या बेतात अध्यक्ष उभे होते. मी अर्ज आणि तीन वेढे त्यांच्या हातात दिले. त्यांनी पूर्ण वाचलं. हे मी शपथेवर सांगेन, पूर्ण वाचलं. वेढे उलटसुलट करून बघितले. मग सगळं कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

"शिक्षण किती तुझं?"

"चौथी."

"अक्षर छान आहे," ते म्हणाले, आणि पडावात बसले.

माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. परिषदेचा छापील अहवाल चार महिन्यांनी आला. तो मी एका वकिलाच्या टेबलावरून उचलून राजिवड्याला नेला. रझियाभाबी अंगणात जाळी विणत होती. आता तेच करते. मी पान उघडून वाचून दाखवलं. विमानाचं नाव. प्रकार. वजन. रचनाकार, श्री. आठल्ये, सुवर्णपदक. बांधणी, स्थानिक मजुरांकडून.

"नाव?"

"नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं.