मौनाला अनुमोदन

पाळकसाहेबांनी स्वतःच्या आईचा दफनविधी स्वतःच चालवला. आवाज कुठे कापला नाही, वचन कुठे चुकलं नाही. शेवटची माती पडली, तसे हात झटकून म्हणाले, "सर्वांचे आभार. गायकवृंदाचा सराव उद्या सहालाच आहे."

पाळकीणबाईंनी तेव्हा नुसतं वळून पाहिलं. पण पुढे महिने गेले तरी घरातही सूचनाच चालू राहिल्या. कसं वाटतंय विचारलं, की "देवाची कृपा." आईची आठवण येते का, तर "ती प्रभूपाशी आहे, आणि संध्याकाळी पंचकमिटीची सभा आहे." एका सोमवारी बाईंनी माळ्यावरची सुटकेस काढून झटकली.

"मला नवरा हवाय, सूचनाफलक नको," त्या म्हणाल्या. "रडा, चिडा, बशी फोडा. रविवारपर्यंत माणसासारखं काहीतरी करून दाखवा. नाहीतर उपासना आटपली की दुपारच्या बसने मी चालले ताईकडे."

"कोणती बशी?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते.

रडू काही येईना. कांदा चिरून पाहिला. डोळे वाहिले, पण ते सगळं कांद्याच्या खात्यात गेलं. शेवटी ते समुपदेशिकाबाईंकडे गेले. पाळकांची मनं ठिकाणावर आहेत ना, हे पाहायला बिशपसाहेबांनी या बाईंना नेमलं होतं.

"रोज अर्धा तास गप्प बसा," त्या म्हणाल्या. "प्रार्थनाही तोंडाने नको. देवापुढे नुसतं बसायचं. आतून जे वर येईल ते येऊ द्यायचं."

गप्प बसायला जागा हवी म्हणून पाळकसाहेबांनी चर्चमागची खोली मागितली, आणि तिथेच घोडं अडलं. या मंडळीत प्रस्ताव आणि अनुमोदन यांच्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नसे. मागे एकदा पडद्याने पेट घेतला, तेव्हा "पाणी!" असं दुसरा माणूस म्हणेपर्यंत कोणी बादलीला हात लावला नव्हता.

"पाळकांनी एकट्याने मौन करणं हा मंडळीवर अन्याय आहे," पंचकमिटीचे सेक्रेटरी सभेत म्हणाले. मौन उपसमिती नेमली गेली. दुसऱ्या दिवसापासून खोलीत पाळकसाहेब, आणि त्यांच्याकडे टक लावून पंच. सुरुवातीला सेक्रेटरी उभे राहून मागच्या मौनाचा वृत्तांत सादर करीत. म्हणजे तोंड मिटून काही वेळ उभे राहत. मग विचारत, "कायम?" सगळे म्हणत, "कायम."

अशा गर्दीतही एके दिवशी पाळकसाहेबांच्या आत काहीतरी हललं.

"मला वाईट वाटतंय," ते म्हणाले.

"हा प्रस्ताव समजायचा का?" सेक्रेटरींनी पेन उघडलं.

"वाईट म्हणजे पाळक या नात्याने, की खाजगी?" खजिनदारांनी विचारलं.

"आईसाठी वाटतंय."

"मग खाजगी. बरं, अनुमोदन कोणाचं?"

एकाने छताकडे पाहिलं, एकाने बुटाकडे. अनुमोदनाअभावी वाईट वाटणं बारगळलं. आत हललेलं जे काही होतं, ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसलं.

रविवारी उपसमितीने प्रवचनाच्या जागी सार्वजनिक मौन ठेवलं. पाळकीणबाई शेवटच्या बाकावर, सुटकेस पायाशी. सेक्रेटरींनी मौन सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि जाऊन पहिल्या बाकावर बसले.

मौन सुरू करण्याचा ठराव झाला होता. संपवण्याचा करायचा राहूनच गेला होता. आता प्रस्ताव मांडायचा तर बोलावं लागणार, आणि बोलावं तर मौनभंग. बाजा वाजवणाऱ्या मावशी हात अधांतरी धरून अवघडल्या. दानाची थैली अजून फिरली नाही या काळजीने खजिनदारांना घाम फुटला. कोणाचं तरी पोट गुरगुरलं, तेव्हा सगळ्यांनी आशेने माना वळवल्या; पण पोटाला मताधिकार नव्हता.

बाईंनी घड्याळ पाहिलं. सुटकेसची मूठ धरली.

वेदीपाशी उभ्या पाळकसाहेबांना ते दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आत सूचनांखेरीज काही सापडेना. बाईंची नजर चुकवायला त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे कडेच्या जागेवर, निळ्या उशीवर, सेक्रेटरी ऐसपैस बसले होते.

बाक टोचतो म्हणून ती उशी आईने शिवली होती. मुलाचं प्रवचन लांबलं की ती हळूच उशी थोपटायची. म्हणजे, आटप आता, बाळा.

"उठा!" पाळकसाहेब ओरडले. खिडकीतली कबुतरं उडाली. "उठा त्या उशीवरून! माझ्या आईची आहे ती! तिला माती दिली आणि मी... मी सरावाची वेळ सांगितली!"

आणि ते रडले. चारचौघांत रडतात तसं नाही; नाक गळेपर्यंत, पायरीवर फतकल मारून.

सेक्रेटरी उशी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. "हा... मौन संपवण्याचा प्रस्ताव समजायचा का?"

"अनुमोदन!" शेवटच्या बाकावरून आवाज आला.

सगळे हात वर झाले. काहींनी दोन-दोन केले.

पाळकीणबाई सुटकेस तिथेच ठेवून पुढे आल्या, उशी काढून घेतली आणि नवऱ्याशेजारी पायरीवर टेकल्या. बस केव्हा गेली कोण जाणे.

"बाई," सेक्रेटरी खाकरले, "सूचना कोण वाचणार?"

"आज सूचना नाहीत."

पाळकसाहेबांनी भिजलेलं तोंड वर केलं. "पण गायकवृंदाचा..."

बाईंनी उशी थोपटली.