बॉयलर बंद असताना

सकाळपासून घर गरम ठेवणारे घरोघरचे बॉयलर साफ करून मिस्त्रीचे गुडघे बोलायला लागले होते. या घरी दार एका वयस्क काकूंनी उघडलं. त्यांचेही डोळे ओढलेले होते.

"बंद करावा लागेल का हो?" त्यांनी आधी तेच विचारलं. "आमचे हे अंथरुणाला खिळलेत. त्यांना गारठा सोसत नाही."

"चालू बॉयलरमध्ये हात घातला, तर त्यांच्या शेजारी माझंही अंथरूण घालावं लागेल, काकू."

काकूंना हसू आलं नाही. त्यांनी आत जाऊन काकांवर आणखी एक ब्लँकेट घातलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत येऊन बसल्या.

मिस्त्रीने गॅस आणि वीज बंद केली, बॉयलर निवल्यावर झाकण उघडलं. आतल्या भिंतीवरची खरपुडी ब्रशने खरवडली. धुरातल्या वाफेचं पाणी ज्या भांड्यात उतरतं, ते गाळाने गच्च भरलं होतं.

"हे तुंबलं म्हणून तो सारखा बंद पडत होता, बघा," म्हणत तो वळला. काकूंची मान छातीवर कलली होती.

"अगं..." आतून क्षीण हाक आली.

मिस्त्री हात धुऊन खोलीत गेला. "काय हवंय, काका?"

"पाणी. ती कुठंय?"

"खुर्चीत डोळा लागलाय. उठवू?"

"नको, नको! माझ्यापायी तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही."

मिस्त्रीने काकांचं डोकं उचलून धरलं, घोटघोट पाणी पाजलं. मग बॉयलरचं ते भांडं धुतलं, त्यात स्वच्छ पाणी भरून जागेवर बसवलं, झाकणाची रबरी पट्टी बदलली आणि बॉयलर सुरू केला. धूर तपासला, ठीक होता. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"आटपलं नाही अजून," तो हळूच म्हणाला आणि काकांच्या उशाशी स्टूल ओढून बसला. खरं तर त्यालाही उठणं जिवावर आलं होतं.

"घरी कोण असतं तुमच्या?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"बायको. पण मी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते."

काही वेळाने काकू धडपडत आल्या. "अहो, उठवायचं नाही का मला? कधीची झोपलेय मी?"

"आत्ताच तर डोळा लागला तुझा," काका बिनदिक्कत म्हणाले.

काकूंनी काकांच्या पायांना हात लावून पाहिला. पाय गरम होते. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. मिस्त्रीने पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं.

पुढच्या घरी उशिराबद्दल चांगलीच बोलणी बसली. त्याने ती ऐकून घेतली आणि गुडघे धरत बॉयलरपुढे बसला.