माझी पाठ निळी निघाली

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, असं आजवर मी बेधडक सांगत आले. आता सांगताना अडखळते. त्यातला ‘एक’ हा शब्द माझ्या बाबतीत खरा नाही, हे मला भर दुपारी, चार माणसांच्या देखत, हवेत उचललेली असताना कळलं. तो धक्का अजून ओसरलेला नाही. तरी जमेल तसं सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग डाळिंबी होता. अंगानं मी बसकी, लांबट, मागे ऐसपैस डिकी असलेली. चार माणसांच्या घरची गाडी असूनही इंजिन मात्र शर्यतीला निघाल्यासारखं. माझी पहिली मालकीण पोहायला शिकवायची. तिचे केस नेहमी ओले असायचे आणि माझ्या सीटवर नेहमी टॉवेल अंथरलेला. चढावर मी इतर गाड्यांना मागे टाकलं की ती माझ्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायची, “शाब्बास गं.” तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

एका सकाळी मी तलावाबाहेरच्या उतारावर उभी होते. आत कुणी नव्हतं. वरच्या बाजूनं ब्रेक सुटलेला ट्रक घरंगळत आला आणि मागून माझ्यावर आदळला. डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेली. मालकीण पोहण्याच्या कपड्यांतच धावत बाहेर आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि फुटपाथवर मटकन बसली. ती म्हणाली, “बरं झालं, मागे कुणी नव्हतं.” त्यानंतर कुणीतरी माझी बॅटरी काढली आणि माझी शुद्ध हरपली.

शुद्धीवर आले तेव्हा मी एका पत्र्याच्या शेडमध्ये होते. अंगावर तोच डाळिंबी रंग, ताजा. डिकी सरळ, दिवे नवे. मला वाटलं, किती जीव लावून दुरुस्त केलंय मला. खरं सांगते, मी त्या शेडमधल्या माणसांचे मनातल्या मनात आभार मानले.

लिलावातून मला एका गाडीविक्याने घेतलं. त्याला सगळे हसरेभाऊ म्हणत. माणूस गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा. त्याच्या आवारात जुन्या गाड्या ओळीनं उभ्या असायच्या आणि त्यांत मी सगळ्यांत पुढे, रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर पडेल अशी. त्याला मी एवढी आवडले की गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो आपल्या मुलीला कॉलेजात सोडायला मलाच बाहेर काढायचा. ती मागे बसून पुस्तक वाचायची. वळणावर माझी पाठ जराशी मागे रेंगाळते असं मला वाटे. पण वय झालं की असं होतच असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

आणि मग ती तिघं आली, मामा, मामी आणि त्यांची भाची.

मामांनी उभा जन्म शाळेची बस चालवली होती. मागे पोरं, म्हणून कायम हळू. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात जाहीर केलं होतं की आता जरा पळणारी गाडी घेणार. मामींचं म्हणणं वेगळं होतं. “पळू दे, पण घरी परत येऊ दे. दर रविवारी गॅरेजच्या बाकावर बसायची मला हौस नाही.” दोघांमध्ये तोल सांभाळायला भाची आली होती. ती दातांची डॉक्टर. मामांच्या खिशाला झेपेल, मामींना धोका देणार नाही आणि तरी मामांच्या मनासारखी धावेल अशी गाडी शोधायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं, आणि महिनाभर गाड्यांखेरीज दुसरा विषय तोंडात नव्हता, अशी मामी हसरेभाऊंकडे प्रेमानं तक्रार करत होत्या.

भाचीनं आधी माझ्या शेजारची गाडी दाखवली. ओल्या वाळूच्या रंगाची, अगदी साधी. “मामा, ही बघ. एकाच घरात वापरलेली, वेळेवर तेल-पाणी झालेलं. इंजिनही दमदार आहे.”

मामांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. “ही दिसायला माझ्यासारखीच आहे गं. मला ती दाखव.”

ती म्हणजे मी. मित्रांनो, काय फुशारले मी तेव्हा.

मामा पुढे बसले, शेजारी भाची. मामी मागे. “मला मागेच बरं वाटतं, पाय लांब करता येतात,” असं म्हणत त्या नेमक्या मधोमध बसल्या. हसरेभाऊंनी हसत चावी दिली.

गावाबाहेरचा रुंद रस्ता लागला आणि मामांनी ॲक्सिलरेटर दाबला. मी सुसाट निघाले. मामांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की भाचीनं रस्ता सोडून त्यांच्याकडेच पाहिलं. मामींनी दोन्ही सीटच्या पाठी घट्ट धरल्या, पण ओरडल्या नाहीत. लांबलचक वळण आलं. मामांनी वेग तसाच ठेवला. मी वळले, आणि किंचित मागाहून माझी पाठ वळली.

मामांचं हसू थांबलं. त्यांनी हळूहळू वेग कमी केला.

“काय झालं?” भाचीनं विचारलं.

“बस केवढी लांब असते,” मामा म्हणाले, “पण ती एकजीव वळते. हिचं मागचं काहीतरी वेगळंच चाललंय.”

“मलाही खालून कटकट ऐकू आली,” मामी म्हणाल्या. “म्हटलं, आता बोलले तर यांचा हिरमोड होईल.”

परतीच्या वाटेवर मामांनी मला बसच्या वेगानं आणलं.

भाचीनं हसरेभाऊंना विचारलं, “हिला वर उचलून दाखवाल का?” ते लगेच तयार झाले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. लिफ्टवर चढवून त्यांनी मला डोक्याच्या वर उचललं. खालून सगळीकडे जाड काळा थर फासलेला होता. काही दिसेना. तेव्हा भाचीनं मला थोडं खाली घ्यायला लावलं, मागची गादी काढली, चिकटवलेला गालिचा सोलला आणि पर्समधून दात तपासायचा दांडीचा छोटा आरसा काढला.

“तो इथे कशाला?” मामींनी विचारलं.

“जिथे डोकं जात नाही तिथे हा जातो, मामी.”

तिनं आरसा फटीत घातला, मोबाइलचा उजेड धरला आणि आरसा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. मग म्हणाली, “भाऊ, एक स्क्रूड्रायव्हर द्या.”

तिनं खरवडलं. पुट्टीची खपली उडाली. खाली वेल्डिंगची रेघ होती, ओबडधोबड, माझ्या या कुशीपासून त्या कुशीपर्यंत गेलेली. रेघेच्या पुढे डाळिंबी पत्रा. रेघेच्या मागे निळा.

“हा तुकडा हिच्या तोंडातला नाही,” भाची म्हणाली. सवयीनं ती तसंच बोलली आणि कुणालाही हसू आलं नाही. “दोन गाड्या आहेत या. अर्धी अर्धी कापून जोडलेल्या. आणि जोड सुटायला लागलाय. हे बघा.”

चिरेत तिचं नख सहज गेलं.

मी हवेत होते, मित्रांनो. पायाखाली जमीन नव्हती. इतके दिवस मी जिला माझी पाठ समजत होते ती कुणा दुसरीची होती. तिच्यावरून पावसाचं पाणी ओघळताना मला जो गारवा वाटे, तोही माझा नव्हता. मला ओरडायचं होतं, पण हॉर्न वाजवायला आत कुणी नव्हतं.

मामांनी मामींचं मनगट धरलं. त्याच रेघेवर तर मामी बसल्या होत्या. त्या सुसाट वळणावर.

हसरेभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. हात मागे नेऊन त्यांनी एक टायर चाचपडला आणि त्यावर बसले. “माझी मुलगी,” ते म्हणाले. “रोज सोडतो मी हिच्यातून. आज सकाळीसुद्धा.” त्यांनी खिशातून फोन काढला, मुलीला लावला आणि तिनं उचलल्यावर एवढंच विचारलं, “कुठे आहेस?” मग फोन तसाच कानाला धरून बसले.

मामी माझ्याजवळ आल्या. त्यांनी निळ्या पत्र्यावर हात ठेवला आणि विचारलं, “मग या निळ्या गाडीचा पुढचा भाग कुठाय?”

मागचा भाग असा धडधाकट उरला, त्या अर्थी पुढचा किती चेपला असेल, हे सगळ्यांना एकदमच उमगलं. माझ्या मागे कुणी नव्हतं, म्हणून माझी मालकीण सुटकेचा निःश्वास टाकू शकली. त्या निळीच्या पुढच्या सीटवर कोण होतं?

मामांनी आठवड्यानं ती वाळूच्या रंगाची गाडी घेतली. तीही लिफ्टवर चढली, आरसा तिच्याही अंगात सगळीकडे फिरला. वळणावर म्हणे मामांनी मागे वळून न बघता विचारलं, “काय म्हणतेस?” मामी म्हणाल्या, “अजून थोडी पळवा की.” आवारात परतल्यावर मामा एखाद्या पोरासारखे तिच्याभोवती फिरत होते. मला हेवा वाटला नाही. मला हायसं वाटलं.

माझा जोड उघडा पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक माणूस मला बघायला आला होता. हसरेभाऊंनी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, “अशीच द्या. वरून पुट्टी मारून पुढे ढकलतो. लोक कुठे गादी उचलून बघतात?” तो हे इतक्या सहज बोलला की मी पुन्हा एकदा थिजले. हसरेभाऊ उठून उभे राहिले. “ही विकायची नाही,” ते म्हणाले, आणि फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले, तो खरंच बाहेर पडतोय की नाही ते बघायला.

त्यांनी मला गाड्यांची दुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं. तिथल्या बाईंनी त्या रेघेवरून मला पुन्हा कापलं आणि दोन्ही भाग हातभर अंतरावर समोरासमोर ठेवले, आतली बाजू दिसेल असे. तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. शेडमध्ये चढवलेलं नवं अस्तर सोलल्यावर तिच्या आतल्या छताला, मागे आडवं पडल्यावर हात पुरेल तिथे, कागदी चांदण्या चिकटवलेल्या होत्या. काही वाकड्या, काही एकावर एक. कुणा लहानग्यानं लांबच्या प्रवासात पडल्या पडल्या चिकटवल्या असाव्यात. ते मूल आता केवढं झालं असेल, पुढे बसलेल्यांचं काय झालं, हे हसरेभाऊंनी शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. पत्ता लागला नाही. तिचा नंबर पुढच्या भागाबरोबरच गेला होता. ती माझ्याशी बोलत नाही. कदाचित बोलणारा भागच तिच्यापाशी उरला नसेल. म्हणून माझी गोष्ट सांगताना तिचीही, जेवढी ठाऊक आहे तेवढी, मीच सांगते.

तुमच्यासारखी मुलं इथे येतात, वाकून ती रेघ बघतात. मित्रांनो, मी आता कुठे धावणार नाही, पण तुमच्या घरचं कुणी उद्या जुनी गाडी घ्यायला निघेल. त्यांना रंगावर खुशाल भाळू द्या, मोकळ्या रस्त्यावर मन भरेतो पळवून बघू द्या. फक्त मागची गादी उचलून बघितल्याशिवाय आपल्या माणसाला तिच्यावर बसू देऊ नका.