वेळेआधीचा भोंगा

गावाचं नाव एल्मडेल, आणि एल्मचं झाड मात्र औषधाला नाही. चहूकडे गहू आणि वर आभाळ. वेशीवरच्या पाटीवर लोकवस्ती लिहिलीय, त्यातले निम्मे कबरस्तानात पोचले, पण पाटी बदलतो कोण! शाळा गेली, रेल्वे गेली. उरलं काय, तर धान्याचं उंच कोठार, माझी खानावळ आणि दुपारचा भोंगा.

भोंगा वाजवायचा माझा नवरा, हॅल्वर. समोरच्या बंबखान्यात भिंतीवर बटण होतं. दाबून धरलं की भोंगा वाजायचा, हात काढला की बंद. बाराला भोंगा झाला की अख्खं गाव हातातलं काम टाकून माझ्याकडे सूप प्यायला येणार, ही इथली रीत. वादळाचा इशाराही त्याच भोंग्यावर. मी कितीदा म्हटलं, वादळाला वेगळा भोंगा बसवा. तर म्हणे, "नेट्टी, वादळ काय रोज येतंय? सूप रोज असतं."

त्या जुलैत भोंगा झाला तेव्हा मी बीट चिरत होते. घड्याळात बाराला अजून अवकाश होता. हॅल्वर स्वतःच्या लग्नालासुद्धा ठोक्यावर आलेला माणूस, तो लवकर भोंगा वाजवायचा नाही.

खिडकीतून पाहिलं. पश्चिमेला आभाळ हिरवट पडलं होतं आणि ढगाची एक सोंड खाली शेतात उतरत होती. आणि आमचे लोक? दारं उघडून रस्त्यावर! म्हातारे द्मित्रोकाका काठी टेकत रस्त्याच्या मधोमध.

"काय गं नेट्टी, आज नवऱ्याला लवकर भूक लागली वाटतं!" गॅरेजवाला लेस्टर हसत आला.

"मेल्या, मागं बघ! तळघरात शिरा सगळे!"

"आता सूप तळघरात वाढणार होय?"

मग त्यानं मागं पाहिलं, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

द्मित्रोकाकांना मी कॉलर धरून आत ओढलं. भोंगा चालूच. जेवणाचा भोंगा एवढा वेळ कधी वाजत नाही. कोठारावरची माणसं अजून रमतगमत येताना हॅल्वरला दिसत होती, ती पळायला लागेपर्यंत तो हात काढणार नव्हता. बंबखान्याला तळघर नाही. त्यालाही रस्ता ओलांडून माझ्याकडेच यायचं होतं.

खाली बटाट्यांच्या पोत्यांत आम्ही दाटीवाटीनं बसलो. भोंगा वाजतोय तोवर तो जिवंत आहे, असं मी मनाला सांगत होते. पण वाजतोय तोवर तो इकडे येतही नाहीये.

"सगळे आलो रे आम्ही! सोड ते बटण!" मी ओरडले. त्याला कुठलं ऐकू जायला.

कोठारावरचे शेवटचे दोघे धडपडत खाली उतरले आणि भोंगा थांबला.

"सुटला! आता येईल बघ पळत," काका म्हणाले.

मी शिडीवर चढून झाकणाला हात लावून उभी राहिले. त्याच्या बुटांचा आवाज येईल म्हणून कान लावले. आला तो भलताच आवाज, आणि लेस्टरनं पाय धरून मला खाली खेचलं.

वर आलो तेव्हा माझ्या खानावळीला छप्पर नव्हतं. बंबखान्याच्या जागी विटांचा ढीग होता. हॅल्वर रस्त्यात नाही सापडला, बटणाच्या भिंतीखाली सापडला. विजेचे खांब आडवे झाले म्हणून भोंगा बंद पडला होता. त्यानं हात काढलाच नव्हता. गावातलं बाकी कुणी गेलं नाही.

त्याला पुरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली मी पुन्हा चूल पेटवली. सगळे आले, बसले. मी वाडगे भरले. पण चमचा कुणी उचलेना.

"खा की! निवतंय!" मी खेकसले.

द्मित्रोकाका वाडग्याकडे बघत म्हणाले, "भोंगा व्हायचाय ना अजून, पोरी."

मी पळी खाली ठेवली. सांगणार मीच, दुसरं होतं कोण?

"वाजवलाय त्यानं, काका. जेवा आता."