उष्टी हळद

सारजाबाईंनी हळदीची वाटी पुढं केली आणि पाटावर बसलेल्या सुदर्शननं अंगातला बनियन दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"काढ की रं. नवरी तू हायेस का ती?" धोंडिबामामा म्हणाले.

"लावा. पण माय, ह्यातली सिल्लोडला जाणार नाय."

कुणीतरी मांडवातलं गाणं बंद केलं. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडं जाते. ती पोचल्याशिवाय सिल्लोडला नवरीच्या, संस्कृतीच्या अंगाला हळद लागणार नव्हती. हार घातलेली गाडी दारात उभी होती.

सुदर्शनच्या कमरेला नायटा होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात, भट्टीजवळच्या घामात तो आला. मेडिकलवाल्याच्या ट्यूबनं आठवडाभर गप्प बसला आणि मग सगळं गणगोत घेऊन परतला. शेवटी त्वचेच्या डॉक्टर आफरीनमॅडमनी कातडी खरवडून तपासायला पाठवली. ही बुरशी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, असं निघालं. गोळी बदलली. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, कपडे वाळत घालायची दोरीही वेगळी. गल्लीनं दोरी पाहिली आणि मायलेकांत वाटणी झाल्याचं जाहीर करून टाकलं. मामा तर भांडी वाटून द्यायला दोन पंच घेऊन आले होते.

आता बहुतेक डाग गेले होते. दोन तेवढे उरले होते, जागा न सोडणाऱ्या भाडेकरूसारखे. "मी 'गेला' म्हणेपर्यंत तो गेलेला नाही," मॅडमनी बजावलं होतं.

"आरं, हळदीनं जंतू मरतेत!" मामा म्हणाले.

"मामा, ह्यो गोळ्या पचवून बसलाय. हळद म्हणजे त्याला फोडणी."

"चारचौघांत सांगायची गोष्ट हाय का ही?" सारजाबाई पुटपुटल्या. "सोयरीक मोडंल."

"मोडू दे. नायटा आहेरात द्यायचा नाय."

मामांनी सिल्लोडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. उचलला नेमका संस्कृतीनंच. मामांनी घसा साफ केला. "पोरी, काळजीचं काय नाय. नवरदेवाच्या अंगावर जराशी वनस्पती आलीय."

सुदर्शननं फोन ओढून घेतला. "नायटा हाय. औषधाला लवकर ऐकत नाय. म्हणून हळद पाठवत नाय."

पलीकडं ढोलकी वाजत होती. सारजाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"तुमच्याकडनं इकडं आली तर मला लागंल. व्हय ना?" संस्कृतीनं विचारलं.

"व्हय."

"आन् माझ्याकडनं तिकडं गेली तर?"

सुदर्शननं विचार केला. "काय नाय व्हत."

"मग मी आधी लावून घेते. उरलेली पाठवते."

"आगं, पण हे उलटं—" मामा मध्येच म्हणाले.

"गाडी तर तीच हाय, मामा. फक्त जाताना रिकामी जाईल."

मामांनी पंचांकडं पाहिलं. पंच आज जेवायला आले होते.

गाडी रिकामी गेली आणि दुपार कलताना हळद घेऊन आली. वाजंत्र्यांनी तिला वेशीवरच्या देवासारखं वाजवत आणलं. वाटीतल्या हळदीत चार बोटं उमटलेली होती. सुदर्शन ती बोटं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच बनियन डोक्यावरून ओढून काढला आणि दोन्ही डागांसकट, पैलवान आखाड्यात उतरतो तसा पाटावर बसला. बायकांनी गाणं इतकं वर उचललं, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. डाग सोडून सारजाबाईंनी त्याला पिवळाधमक केला.

"तुमच्यात नवरीची हळद नवऱ्याला येती?" शेजारच्या पारूबाईंनी विचारलं.

"व्हय." सारजाबाईंची पापणी लवली नाही. "आमच्यात मूळचं असंच हाय."

"निजामाच्या आधीपासून," मामांनी ठोकून दिलं.

पारूबाईंनी आदरानं मान डोलावली. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. तो मांडवाच्या खांबाला पाठ घासत उभा होता. पारूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या, मग सारजाबाईंच्या कानाशी लागल्या.

"ज्यांच्यात नाय, त्यांनी नव्यानं धरलं तर चालतंय का?"