नवऱ्याच्या नावाचं देणं

सेलुवाया मावशी आमच्या कर्ज-सल्ला केंद्रात आली ती दोन बस बदलून. तिच्या घराजवळ, मांगेरे उपनगरातही आमची शाखा होती.

"तिथे आमच्या चर्चची माणसं बसतात," ती म्हणाली. "तू टोंगाचीच, पण चर्च वेगळं. म्हणून तू बरी."

पिशवीतून तिने पाकिटं काढली, बरीचशी न फोडलेली. कर्ज एकाच कंपनीचं, पण व्याजाने फुगलेलं. गाडी आदल्याच आठवड्यात ओढून नेली होती.

"कशासाठी काढलंत, मावशी?"

"चर्चच्या देणगीसाठी."

त्यांच्याकडे वर्षातून एकदा घराघराचं नाव घेऊन आकडा मोठ्याने वाचतात. तिचा नवरा पेनिसिमानी रस्त्यावर डांबर टाकायचा, पण दरवर्षी तीन हजार डॉलर द्यायचा. तो गेला. मुलगी ब्रिस्बेनला, स्वतःच्या संसारात. मावशी हॉस्पिटलच्या धुलाईत एकटी राबायची, तरी तीन वर्षं तिने आकडा खाली येऊ दिला नव्हता.

"नाव अजून त्याचंच वाचतात ना. ते दोनशेवर आणू का मी?"

मी कंपनीशी भांडून व्याज थांबवलं, पगारातून झेपेल असा हप्ता बांधून घेतला. म्हटलं, "यंदा जमेल तेवढंच द्या. देव काही पावती मागत नाही."

"देवाचं नाही गं. आमच्या चर्चमधली टेकिना पुढच्याच बाकावर बसते."

देणगीच्या दिवशी ती चर्चला गेली नाही. नंतरच्या रविवारीही नाही. कुणी विचारलं तर सांगायला रविवारच्या ड्युटीचं कारण तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.

दर दुसऱ्या मंगळवारी ती माझ्याकडे यायची. काम दहा मिनिटांचं, बसायची तासभर. रविवारी घरी अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध बांधून भाजायची, पण एकटीपुरतं करायला हात वळत नाही म्हणून सहा पुरचुंड्या करायची आणि बुधवारपर्यंत तेच खायची. चर्चचं गाणं तिच्या घरामागच्या पायरीवर ऐकू यायचं.

"मी आपली खालची पट्टी धरते," एकदा म्हणाली. "सोबत वरचा सूर लावायला कोणी नसतं."

"मग जा ना, मावशी."

"फिटलं की जाईन."

सोळा महिन्यांनी फिटलं. मी कंपनीचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं.

"मग आता मंगळवारी किती वाजता?"

"आता यायची गरजच नाही," मी आनंदाने म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून घाईने जोडलं, "तशाच या ना, गप्पा मारायला."

"तशीच कशी येऊ? या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं असेल."

त्या रविवारी ती चर्चला गेली. दुपारी तिचा फोन आला.

"टेकिनाने मिठी मारली. म्हणाली, ब्रिस्बेनहून कधी आलीस? सगळ्यांना वाटलं, मी लेकीकडे राहायला गेले. दोन गल्ल्या पलीकडे होते गं मी, लुपे."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, शुक्रवारी आले."

आता ती दर रविवारी जाते. टेकिना अधूनमधून ब्रिस्बेनची हवा विचारते. मावशी सांगते, फार उकडतं तिकडे.