सोराखानच्या रानातला विळा

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीवर गंज खात टांगलेला हा लांब दांड्याचा विळा, तो मी. मोडक्या ट्रकची पोलादी कमानपट्टी तापवून एका लोहाराने मला घडवले आणि सोराखानच्या नवऱ्याने विकत आणले. अर्सलानबोबच्या डोंगरात अक्रोडाच्या रानाचा एक तुकडा त्यांच्याकडे राखायला होता. झाडावरचे अक्रोड माणसांना, खालचे गवत गुरांना.

गवत कापताना सोराखान माझ्या पुढे चालायची. काठीने गवत बाजूला सारायची आणि अक्रोडाचे, रानसफरचंदाचे रोपटे दिसले की त्याला चिंधी बांधायची. तिचा नवरा त्या रोपाला वळसा घालून मला फिरवी. "याने तान्ह्याचं जावळ काढलं तरी रक्त येणार नाही," असे तो सांगे, तेव्हा माझी छाती फुगे.

शेजारी थट्टा करत. "काय गं आपा, रोपारोपात पीर बसवलास का? मजारीवर जागा उरली नाही?"

"पीर नाही रे, माझे नातू बसलेत. पाय जपून टाक, गाढवा!"

लोक हसत, पण आपली गुरे दुसरीकडे वळवत. मजारीवरच्या झाडांना नवसाच्या चिंध्या बांधतात, म्हणून चिंधीला आमच्याकडे फार मान.

पुढे नवरा गेला. मुलगा एर्गाश रशियातली मजुरी सोडून परतला. लागोपाठ दोन वसंतांत हिमाने मोहोर काळा पडला, एक अक्रोड हाती आला नाही.

"अक्रोडाचा काय भरवसा, आई? गाय रोज दूध तरी देते."

त्याचे खोटे नव्हते. गायी वाढल्या, गवत पुरेना. त्याने गवत कापायचे यंत्र आणले. सोराखानचे गुडघे धरले होते, ती घरी राहिली. कोपरे कापण्यापुरते मला बरोबर नेले.

चिंध्या कापणे म्हणजे पाप. म्हणून एर्गाशने एकेक चिंधी सोडली, कपाळाला लावली आणि जुन्या झाडाच्या उंच फांदीला नीट बांधली. मग बिस्मिल्ला म्हणून यंत्र सुरू केले. कमरेएवढी झालेली रोपेही गवताबरोबर आडवी झाली. मी खोडाला टेकून बघत राहिलो.

संध्याकाळी सोराखान काठी टेकत भाकरी घेऊन आली.

"एकही चिंधी फाटू दिली नाही, आई," तो खुशीत म्हणाला.

"आणि खाली काय होतं रे?"

"गवत."

"गवताला कोण चिंधी बांधतं, बाळा?"



नंतर जे उगवले ते गायींनी खाल्ले. म्हातारी झाडे किडीने पोखरून एकेक पडू लागली. त्यांच्या ढोलीतली घुबडे गेली. एका हिवाळ्यात वाऱ्याने सर्वांत मोठे झाड पाडले. तिथे ऊन आले, पण त्या उन्हाकडे झेपावायला एकही कोवळे झाड नव्हते. नुसते अंगाला खाज आणणारे तण माजले.

"कुंपण घालून पुन्हा लावू का?" एर्गाशने विचारले.

"लाव की. पण गायी कुठे नेशील?"

दुसऱ्या दिवशी एर्गाशने गायी त्याच उतारावर सोडल्या. घरात दुसरे खायला काय होते?

मित्रांनो, गवत कापू नका असे मी विळा असून कसे म्हणू? गुरे जगली पाहिजेत, माणसेही. पण पाते चालवण्याआधी खाली वाकून बघा, कोण उगवते आहे. आमच्या डोंगरावर आता वाकून बघितले तरी काही दिसत नाही.